रुखवतामागचं वायफाय

रुखवताचं कौतुक मला सांगू नका, बाबांनो. मी गेलतो एका घरी, तवापासनं रुखवत बघितलं की आधी त्याच्या मागं बघतोय.

आपलं काम वायफाय, कॅमेरं बसवायचं. कोल्हापूरजवळच्या कोडोलीची एक पोरगी लग्न होऊन इकडं आलेली, तिनं बोलावलं. म्हणाली, "दादा, वायफायनं परत पासवर्ड मागितला, मी टाकला. तवापासनं मोबाईलवर काय बघते ते ह्यांना कळतंय. काल वकिलाचं पान उघडलं, रात्री जेवताना ह्यांनी विचारलं, वकील कशाला पायजे?"

मी घरातलं वायफायचं मशीन बंद केलं. तरी मोबाईलवर घरच्या वायफायचं नाव दिसतंय की! म्हटलं, कुणीतरी त्याच नावाचं दुसरं मशीन लावलंय, मोबाईलवरचं सगळं त्याच्यातनंच जातंय. मोबाईल घेऊन घरभर फिरलो. सिग्नल सगळ्यात जोरात कुठं, तर शोकेसजवळ. आत तिचं रुखवत मांडलेलं. मण्यांच्या तुळशीमागं काळी डबी, वायर भिंतीत गेलेली.

पोरगी खालीच बसली. "आयतवारी ह्यांनी आपणहून शोकेस पुसलं. मला किती बरं वाटलंतं."

"काढू काय, ताई?"

"नगं. काढलं तर त्यांना कळंल, मला कळलंय म्हणून."

मग तिनं डोळं पुसलं, मोबाईल घेतला आणि माझ्यादेखत त्याच वायफायवर पांढऱ्या रश्श्याची रेसिपी उघडली.

कोडोलीची पोरगी ती. रस्सा डोळं झाकून करत असणार.