पुडा फोडू नको

बस, हिरासिंग. चहा नको मले — तूच पी. थोड्या वेळानं माझं ऑपरेशन आहे, पाण्याचा थेंबही चालत नाही. तू काहून पीत नाहीस? बायको आत उपाशी आहे म्हणून? अन् हा बिस्किटाचा पुडा तिच्यासाठीच ना — सिस्टरनं सांगतलं तुले, आज तिचा नंबर लागत नाही, खाऊ घाला — ऐकलं मी. बस म्हणतो ना. पुडा फोडू नको अजून. कायले म्हणजे? एकदा तिनं खाल्लं की संपलं, मग आज काही होत नाही. वडीलधारा माणूस सांगते तर ऐकावं.

तुले वाटते, हे लोक मनाले येईल तसं करतात. तसं नाही. मी शिकलेला नाही, पण इथं पडून पाहून राह्यलो. टेबल एकच. भूल देणारा डॉक्टर एकच, तोही दुपारी दुसऱ्या गावाले जाते. परवा तो राजूरकडचा माणूस आणला, ट्रॅक्टरखाली पाय गेलेला — आपण सगळे मागं. काल एक बाई अडली — पुन्हा मागं. बरोबरच आहे ते. ज्याचा जीव जाते तो आधी. मग ज्याले त्रास आहे तो. अन् ज्याचं थांबलं तरी चालते, तो शेवटी. याच्यावर माझं काही म्हणणं नाही. आर्णीले जिनिंगवर कापसाच्या गाड्या लागत, रस्त्यापर्यंत — मी कधी कोणाच्या पुढं बैल घातला नाही. विचार कोणालेही. सदाशिवराव रांग मोडत नाही, असं म्हणत लोक. अजूनही म्हणतात.

सकाळी तुझी रुपीबाई माझ्या बाजूलेच होती, ऑपरेशनच्या दाराजवळच्या बाकावर. दोघंही हिरवे झगे घालून. पित्ताच्या पिशवीत खडे आहेत बापू, म्हणे. कळ आली की ओढणीचा बोळा दातात धरे — पण आवाज नाही. घाम नुसता. मग सिस्टर आली अन् म्हणते, आधी आजोबांना घ्यायचं, त्यांचं तातडीचं आहे. तुझी बायको काय म्हणाली, ठाऊक आहे? घ्या त्यायले, म्हातारा माणूस आहे, मी थांबते. अन् स्वतः उठली, बाक मोकळा केला माझ्यासाठी — पाय लांब करा, बापू. भिंतीले धरून उभी राह्यली ती. मी केले पाय लांब. काय करणार होतो? तेवढ्यात बाळंतीण आली, म्हणून मले बाहेर काढलं. ती झाली की मी. अन् मग तो भुलीचा डॉक्टर चालला जाते. असं आहे ते.

तू सकाळपासून विचारून राह्यला — बापू, फार दुखते का? नाही दुखत. हर्निया आहे. जुना आहे. खोकलो की फुगते, आडवा झालो की आत जाते. पट्टा बांधून वावर वखरलं मी त्याच्यासंगं. डॉक्टरनं परवा दाबून पाह्यलं अन् म्हणाला, आजोबा, तुमचं पुढच्या महिन्यातही चालते, घाई नाही. — मग तातडीचं कसं झालं? डॉक्टरवर जाऊ नको. त्याले वरून फोन आला. आमचे जावई, बबनराव, पुढाऱ्यांत उठबस आहे त्यांची. त्यांनी केलं ते. परस्पर. सासऱ्याच्या मायेपोटी करते माणूस, मले काय विचारायचं त्यात —

असा पाहू नको माझ्याकडं.

बरं. परस्पर नाही. मीच सांगतलं. काल सांजच्याले आमच्या म्हातारीच्या हातून फोन घेतला अन् मीच बोललो. ती म्हणे, थांबा ना, लागेल नंबर. नाही थांबलो. दुखत होतं म्हणून? नाही. तो झगा पाठीमागून उघडा असते, हिरासिंग. दोनदा घातला, दोनदा उपाशी राह्यलो, अन् दोनदा तसाच वॉर्डातून चालत परत आलो. काल एक बाई तोंड फिरवून हसली. माझ्यावर कोणी हसलं नाही आजपर्यंत. मी म्हटलं, बबनराव, मले मोकळं करा इथून. एवढंच. कोणाले मागं लोटा, असं नाही म्हटलं. — पण मागं कोणी ना कोणी असणारच होतं. गाडीले गाडी लागलेली पाह्यली मी जन्मभर, मले समजत नव्हतं काय? समजत होतं. तोंड पाह्यलं नव्हतं फक्त. आज पाह्यलं.

सिस्टरले सांगून पाह्यलं. हिले घ्या आधी, म्हटलं. ती म्हणते, घाबरू नका आजोबा, साहेबांनी सांगितलंय, आता बदलत नाही. मी भिऊन बोलतो, असं वाटलं तिले. भिऊन! जावयाले पुन्हा फोन करू? त्यांचा शब्द खाली पडते, मग पोरीले ऐकावं लागते घरी. तेही होत नाही माझ्यानं. म्हणून तुले बसवून राह्यलो इथं केव्हाचा — मन होत नव्हतं माझं.

ते पाह्य, दार उघडलं. बाळ रडते. बाळंतिणीले बाहेर आणून राह्यले. आता माझं नाव घेतील.

दे तो कप. दे इकडं. — थंड झाला. साखरही लय टाकते हा चहावाला. पुडाही दे, मीच फोडतो. आता साहेबांचा साहेब आला तरी मले भूल देता येत नाही कोणाले. — पाय सोड. पाय धरण्यासारखं काही केलं नाही मी, काय केलं ते आत्ताच ऐकलं तू. रुपीबाईले यातलं काही सांगू नको. म्हातारा भुकेला होता, राह्यवलं नाही, म्हणून सांग. सिस्टर बोंबलेल, बोंबलू दे. आधी तिले सांग, रुपीबाई अजून उपाशीच आहे म्हणून.

उठ. जा. अन् परत येऊन माझ्याजवळ बसू नको.