रांग भरली होती

दाताच्या दवाखान्यात बसलेल्या शिंपीणबाईंनी मासिक मिटलं आणि कान टवकारले. शेजारी गाल सुजलेले एक गृहस्थ आणि त्यांची इंजिनिअर लेक यांची जुंपली होती.

"साहेबांनी दिलेल्या अहवालावर सही करून टाक ना. केबल खराब होती म्हण, विषय संपला."

"आणि केबल टाकणाऱ्या काकांची नोकरी जाऊ दे? बाबा, रुग्णांच्या मशीनचे इशारे आमच्या सर्व्हरपर्यंत नीट पोचले होते."

"मग नर्सला का दिसले नाहीत?"

"इशाऱ्याचं आलेलं प्रत्येक पॅकेट कर्नल, म्हणजे सर्व्हरच्या सिस्टिमचा गाभा, आमच्या प्रोग्रॅमच्या सॉकेटच्या, म्हणजे त्याच्या दाराशी असलेल्या, रांगेत लावतो. तिथून ते प्रोग्रॅमनं उचलायचं असतं. आमचा प्रोग्रॅम भलत्याच कामात अडकला, रांग भरली, आणि पुढची पॅकेटं कर्नलनं टाकून दिली."

"म्हणजे चूक त्या कर्नलचीच की!"

"त्याची कसली? उचलली नाहीत आमच्या प्रोग्रॅमनं. किती टाकली, तो आकडासुद्धा ठेवलाय त्यानं. खोटं बोलतोय तो आमचा साहेब."

"अगं, पाण्यात राहून माशाशी वैर करू नये."

"मग पाण्याबाहेर येते."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. वडिलांनीच झडप घातली.

"हॅलो, मी तिचा बाप. करतेय ती सही, समजावतोय मी…"

"द्या इकडे. साहेब, सही केलीय मी, पण मी लिहिलेल्या अहवालावर, आकड्यासकट. सकाळीच हॉस्पिटलला पाठवलाय. ठेवते."

"सकाळीच? मग मघापासून माझ्याशी कशाला भांडत होतीस?"

"तुम्ही तरी माझ्या बाजूनं असावं म्हणून."