कोळशाच्या ढिगावरची मुकादमीण

माजं माहेर बाळकुमचं. आमी आगरी, मिठागरवाले. लग्नापर्यंत पायात चप्पल नव्हती, मिठाच्या चिखलात उभं राहून तळवे असे निबर झालेले की काटा मोडंल पन आत जायचा नाय. लग्न होऊन कल्यानच्या खाडीकडंला आली, दीड वरीस संसार केला नि मालक तापानं गेले. काय सांगू तुमाला, रडायला पन सवड नव्हती, घरात खानारी तोंडं नि मिळवता बाप्या एकटा दीर. माजी मोठी जाऊ, जनाबाय, ती वीजघरात कोळसा उचलायला जायची, तीच बोलली, चल नागू माज्यासंगती, घरात बसून तो काय परत येनार हाय. इंग्रज गेला, झेंडा बदलला, त्या सालची गोष्ट.

रेल्वेच्या वाघिनीतनं कोळसा उतरायचा, त्याचा डोंगर व्हायचा, त्या डोंगरावर चढून घमेली भरायची, डोक्यावरनं खाली आनायची नि लोखंडी जाळीवर वतायची, तिथनं कोळसा आत भट्टीला जायचा. त्याच्या इजेवर धुराच्या इंजिनाबिगर गाड्या चालतात, मुंबईत दिवे लागतात, असं सायेब बोलायचे. आमच्या घरी घासलेटची चिमनी. चाळीस बाया व्हतो आमी, शहाडकडनं निर्वासितांच्या कॅम्पातल्या सिंधी बाया पन यायच्या, बिचाऱ्या घरदार सोडून आलेल्या, त्यांना हे काम झेपायचं नाय नि बोलता पन यायचं नाय. आनि मुकादम बाप्या. त्याचं नाव नाय घेत मी. घमेलं चढवायला हात देतो बोलायचा नि हात भलतीकडंच लावायचा. जनाबायनं एकदा भरलं घमेलं त्याच्या पायावर सोडलं, तवापासनं तो तिच्या वाटंला जायचा नाय, पन नव्या पोरींना कोन वाचवनार.

तर कोळशाचं काय असतं, तो वरून गार दिसतो, आतनं पेटतो. पावसात भिजलेला, दाबून रचलेला कोळसा पोटात धुमसतो, आनि धूर दिसंपर्यंत उशीर झालेला असतो. माज्या तळव्यांना ते कळायचं. एक दिस मी सायबाला सांगितलं, सायेब, इथं आत इस्तू हाय, कोळसा पेटलाय. सायेब हसला. इंजिनेर मानूस, तरना, पन ऐकून तर घेतलं त्यानं, लोखंडी कांब आत खुपसायला लावली, बाहेर काढली नि वर पानी टाकलं तर चर्र झालं. मंग काय धावाधाव! दुपारपर्यंत खनून इस्तू काढला. दुसऱ्या दिसापासनं माजं काम काय, तर सकाळी सगळा ढीग पायांनी फिरायचा नि कुठं तापलाय ते सांगायचं. तीन वर्सांनी त्या बाप्याला मालाच्या फाटकावर धाडला नि मला मुकादम केली. वीजघरात बाईमानूस मुकादम, लोक बघायला यायचे. बाया तर नाचल्याच.

मुकादमानं अनवानी फिरायचं नाय, असा कायदा निघाला. मला बूट दिले, बाप्यांच्या मापाचे, पुढं चिंध्या कोंबून घालायचे. मी बाळकुमला गेली ती पन बूट घालून, आई दारातच बोलली, अगं ते बाहेर काढ, तर मी बाहेरच बसली पन काढले नाय. हसू नका. असा माज यायला बूटच लागतात असं नाय, पन मला आलेला, खोटं कशाला बोलू.

मंग एक दिस असा आला, वाघिनी उशिरा आलेल्या, आत भट्टीला कोळसा कमी पडत व्हता, सायेब दोनदा येऊन वरडून गेलेला. मी सकाळी फिरली व्हती, बूट घालूनच, पायाला काय गरम लागलं नाय. जुन्या ढिगावर चढा, मी बोलली. जनाबाय अर्ध्यावर थांबली. नागू, पाय पोळतात गो, आज इथं नको. मला वाटलं थोरपना करते. सगळ्या बाया बघत व्हत्या, सायेब खाली उभा. मी बोलली, बसायला निमित्त पायजे तुला, घरी असशील मोठी जाऊ, इथं मी मुकादम हाय. तिनं घमेलं उचललं नि वर गेली. चार पावलं गेली आनि वरचा कोळसा खचला, तिचा पाय गुडघ्यापर्यंत आत. आमी ओढून काढली तवा ती वरडत पन नव्हती.

पाय गुडघ्याखाली कापला.

चौकशीला ठान्याच्या हापिसातनं मोठा सायेब आला. मला विचारलं, या बाईनं आधी काय सांगितलेलं का? मी बुटांकडं बघत राहिली. मंग तो दवाखान्यात तिच्या खाटंपाशी गेला, मी मागं उभी. जनाबाय बोलली, नाय सायेब, मुकादमीन वर जाऊ नको बोललेली, मीच गेली. त्यानं तसं लिवलं. तिची चूक ठरली, परत हलकं काम मिळायचा हक्क पन गेला तिचा. सायेब गेल्यावर मी तिचा हात धरला, तर तिनं सोडवून घेतला. तुज्यासाठी नाय बोलली मी, तू गेलीस तर तो भडवा मुकादम परत येल, पोरी हायेत तिथं. बस. तेवढंच. तवापासनं माज्याशी एक शबुद नाय.

आता जुना नि नवा, दोन्ही ढीग माज्याकडं हायेत. सायेब दुसऱ्या सायबांना घेऊन येतो, सांगतो, हिच्या हाताखाली मोठा अपघात नाय. एकच तो, नि तो पन त्या बाईच्या चुकीनं. मी मान हलवते.

घरात मधी एक कुडाची भिंत हाय. पलीकडं तिची काठी वाजते. मी सकाळी तिचं पानी भरून ठेवते, ती घेते, पिते, चुलीवर ठेवते, पन माज्याकडं बघत नाय. तो मुकादम गेल्या साली मेला. आता तो काय परत येनार नाय, मी सायबाकडं जाऊन खरं सांगितलं तरी पोरींचं काय बिघडायचं नाय, उलट जनाबायला हक्क मिळंल. कितीदा सायबाच्या हापिसाच्या पायरीपर्यंत गेली. सायेब बोलतो, काय बाई? मी बोलते, काय नाय, कोळसा ओला आलाय.

देव तिला बरी ठेवो, तिच्या लेकरांना सुखात ठेवो, माजं काय मागू. आनि तुमी लिवताय ना, मंग हे नीट लिवा. जनाबाय बोललेली. तिनं सांगितलेलं, नागू, आज इथं नको, आनि मला चांगलं ऐकू आलेलं.