जॅक कलला तेव्हा

हसू नका, पण त्या दिवशी मी मरता मरता वाचलोय. वडिलांची जुनी फियाट हाय न्हवं, ती खड्ड्यात लई आपटायला लागलीती. मागचं दोन्ही शॉकअप घरीच बदलू म्हटलं आणि बावड्यात आमच्या दारातच गाडी जॅकवर चढवून खाली शिरलो. बोल्ट गंजून गच्च बसलावता. पान्याला सगळा जोर लावून हिसका दिला, तर बोल्ट हलला न्हाय, गाडीच हलली. बघतोय तर जॅक कललाय!

दारात उभ्या बायकोला कसंबसं म्हटलं, "सुनंदा, जॅक कललाय. गाडीला हात लावू नगंस."

तिनं वाकून बघितलं आणि तशीच आत पळाली.

"अगं, कुठं चाललीस?"

वर गाडी करकर वाजत हुती. मोठा श्वास घेतला तर छाती लागंल आणि गाडी खाली येईल, असं वाटत हुतं. घामानं पाठ फरशीला चिकटलीती.

सुनंदा आली ती न्हाणीच्या चुलीचा जाड ओंडका उचलून. तो तिनं माझ्या कुशीला, गाडीखाली सरकवला.

"आता या भाइर. हळू की!"

डोकं भाइर काढलं आणि जॅक सटकला. गाडी धाडकन ओंडक्यावर बसली. पाय अजून आतच हुतं.

शॉकअप शेवटी मेकॅनिकनं बसवलं. मी मातूर आजबी पलंगाखाली चप्पल गेली तर हात घालत न्हाय, काठीनं वडतो.