टोकाच्या पळसाचं पान

यामिनी : बाबा, तो दांडा नका दाबू. माउस इकडे द्या. आत्ताच पाणी सुटलं तर सगळा किल्ला बुडेल.

श्रीपाद : मी कुठं दाबून राहिलो? नुसतं पाहून राहिलो. पस्तीस वर्षं शहपुऱ्याच्या नहरीवर पाण्याचे गेट उघडले बेटा, तुझा एवढासा दांडा मला समजणार नाही काय?

यामिनी : या खेळातलं वेगळं आहे. वरती नदी, तिथून ही कोरडी नहर, खाली दगड कोरून हा हॉल. दगडावर काही उगत नाही न. एकदा पाणी पसरवायचं. ते आटलं की गाळ राहतो. मग त्या गाळात अळंबी पेरायची.

श्रीपाद : पिहरी म्हण न.

यामिनी : हो, पिहरी. हे बुटके लोक तेच खातात.

श्रीपाद : आणि आता कोठारात किती आहे?

यामिनी : जेमतेम महिन्याचं. मतलब, मी थांबवलं तेव्हा तेवढं होतं. वर्षभर तसंच थांबून आहे सगळं.

श्रीपाद : ती गेली तेव्हापासून.

यामिनी : त्याच्या आदल्या संध्याकाळपासून. दवाखान्याच्या पलंगावर बसून आईनंच हा हॉल आखला. नावं पण तिनंच ठेवली सगळ्यांना. ही बेबीताई, स्वयंपाक करते. हा तुळशीराम, दारू गाळतो.

श्रीपाद : आमच्या ऑफिसातला तुळशीराम? तो तर माळकरी होता.

यामिनी : म्हणूनच. आई खूप हसली होती तेव्हा.

श्रीपाद : अच्छा. आणि मी कुठं आहे?

यामिनी : हे काय, दांड्याजवळ. ड्यूटीवर.

श्रीपाद : तिथं पण ड्यूटीच दिली मला. बरं. आणि ती?

यामिनी : आहे. पद्मा नावानं. शेती तिच्याकडे. म्हणूनच मी उघडत नव्हते बाबा. सुरू केलं की भूक सुरू होईल त्यांची. पाणी चुकलं तर बुडतील. थांबलेलं आहे तोवर ती आहे.

श्रीपाद : मग आज काहून उघडलं?

यामिनी : तुम्हीच म्हटलं न. वर्षश्राद्ध झालं, आता दाखव म्हणून.

श्रीपाद : म्हटलं खरं. चलो. आधी नहर चालून ये.

यामिनी : चालून मतलब?

श्रीपाद : गेट उघडायच्या आधी आमचा एक माणूस कोरड्या नहरीतून टोकापर्यंत पायी जायचा. आत कोणी सावलीला झोपलं आहे का, म्हैस उतरली आहे का, पाहत पाहत. टोकाला एक पळस होता. त्याचं पान आणून माझ्या हातात दिल्याशिवाय मी गेटच्या चाकाला हात लावत नव्हतो. साहेब कितीही ओरडो.

यामिनी : इथं पळस नाही बाबा. आणि मी पाहिलं होतं, आत कोणी नाही.

श्रीपाद : कधी पाहिलं होतं?

यामिनी : थांबवलं त्याच दिवशी, दुपारी.

श्रीपाद : आणि मग?

यामिनी : मग संध्याकाळपर्यंत लॅपटॉप आईजवळच होता.

श्रीपाद : तर परत पाहा. घाई नको करू. माझा चष्मा दे.

यामिनी : हे तोंड. इथून वळण. इथं काही नाही, इथंपण नाही. हे टोक... बाबा.

श्रीपाद : कोण आहे?

यामिनी : पद्मा. एकदम टोकाशी उभी आहे. आईनं तिला तिथं जायला सांगून ठेवलं होतं. मला काही बोलली नाही. मी दांडा दाबला असता तर...

श्रीपाद : दाबला नाही न. मग झालं. तीस वर्षं घरी पळसाचं ऐकत होती ती. कंटाळा आला म्हणायची, पण ऐकायची. नहर पाहायलाच गेली असेल. तिला परत बोलाव.

यामिनी : त्यासाठी खेळ सुरू करावा लागेल.

श्रीपाद : कर.

यामिनी : केला. निघाली.

श्रीपाद : किती हळू चालून राहिली.

यामिनी : खेळ हळू मीच ठेवला आहे.

श्रीपाद : राहू दे. अशीच चालायची. राइट टाउनातून कमानियाच्या बाजारापर्यंत जायला दोन तास लागायचे हिला. दर दहा पावलांवर कोणी न कोणी ओळखीचं. मला राग यायचा त्याचा. आज नाही येऊन राहिला.

यामिनी : पोचली. तुमच्याजवळ उभी आहे.

श्रीपाद : तर दाब आता.

यामिनी : तुम्ही दाबा. ड्यूटी तुमची.

(पाणी हॉलमध्ये पसरत जाते.)

श्रीपाद : हॉलच्या टोकाला घोट्याएवढं पोचलं का?

यामिनी : पोचलं.

श्रीपाद : बंद कर. गाळाला तेवढंच लागते. जास्त दिलं तर हावरटपणा.

यामिनी : आटून राहिलं. इथं गाळ दिसतो, इथंपण. बाबा, ती पेरायला निघाली. मी काहीच सांगितलं नाही तिला.

श्रीपाद : तिला कधी कोणाला सांगावं लागलं?

यामिनी : आता परत थांबवून ठेवू का? इथंच, पेरताना? कायमचं?

श्रीपाद : आणि चालू ठेवलं तर?

यामिनी : तर वर्षं जातील. वय वाढेल तिचं. केस पांढरे झाले की तसं लिहून येतं इथं. आणि मग एक दिवस...

श्रीपाद : पांढरे होतात?

यामिनी : होतात.

श्रीपाद : एक्कावन्नची होती. एक केस पिकला नव्हता.

यामिनी : मग थांबवू?

श्रीपाद : नको बेटा. चालू दे. पांढरे झाले की मला वाचून दाखव.