मारिसेलचं बोलावणं

भोरच्या एसटी स्टँडाजवळ ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या दुकानात अजीजुन्निसा आपल्या नंबराची वाट बघत बसली होती. तिच्या पुढं हिर्डोशीचे कोंडिबा होते, आणि आईच्या मातीला दुबईहून आलेला त्यांचा मुलगा गोरख. त्याची फिलिपिनी बायको मारिसेल व्हिसाविना तिकडंच अडकली होती.

"आबा, आईच्या मृत्यूचा दाखला जोडलाय. आता बोलावण्याच्या पत्रावर तुमची सही पायजे."

"तूच कर. बायको तुजी हाय."

"वकिलातीनं घरच्या कर्त्या माणसाची मागितलीय."

"तेराव्याला पोचंल का?"

"आज पाठवलं तर पोचंल."

"पाच वर्सांत कदी आली न्हाई."

"तुमीच नको म्हनला व्हता."

फॉर्म भरणाऱ्या शेफालीनं विचारलं, "आजोबा, ही तुमची कोण लिहू? मुलाची बायको?"

"थांब जरा. गोरख, तुज्या आईला तिची वळख तरी व्हती का?"

"रोज फोन व्हायचा. तुमी रानात गेल्यावर."

"कुठल्या भाषेत?"

"मराठीत. आईनंच शिकवली तिला."

"मला कोन बोललं न्हाई."

"तुमी रागावला असता."

"गेली त्या दिशी पन बोलल्या?"

"व्हय. लई वेळ."

कोंडिबांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला. अजीजुन्निसानं नजर आपल्या कागदांकडं वळवली.

"लिव पोरी, माजी सून म्हनून. सही कुठं करू?"

"इथं. येण्याचं कारण तेरावं लिहू ना?"

"तेरावंच लिव. पर गोरख, तिला चार दिस जादा ऱ्हायला सांग. तुजी आई काय काय बोलत व्हती, ते मला तिलाच इचारावं लागंल."