राक्षसांचा इस्त्रीवाला आणि आमचा बहिष्कार

...अहो, नाव तरी वाचून संपतं का हो? नाव! मालिकेचं! तुम्हाला सांगतो, चहाचा कप हातात घेऊन वाचायला बसलो, तर नाव संपेपर्यंत चहा गार! ऐका... 'मागच्या जन्मी इस्त्री करता करता मेलो, आता राक्षसांच्या राजवाड्यात मुख्य इस्त्रीवाला झालो, तरीही रविवारची सुट्टी काही मिळत नाही'. संपलं. हे नुसतं नाव हं! गोष्ट पुढेच आहे! पण मग गोष्टीत सांगायचं काय शिल्लक राहिलं? आमच्या लहानपणी नाव दोन शब्दांचं असायचं आणि गोष्ट वर्षभर चालायची. आता नाव वर्षभर चालतं आणि गोष्ट बारा भागांत गुंडाळतात! म्हणून म्हटलं, बस्स! हा अख्खा सीझन एकही ॲनिमे, टीव्हीवरची एकही चित्रमालिका बघायची नाही. बहिष्कार! ठरवलं म्हणजे ठरवलं!

आता तुम्ही म्हणाल, तोकुमारूसाहेब, तुमची ओगिकुबोत चांगली चालती लाँड्री आहे, साठी उलटली, तुम्हाला या कार्टूनचं काय एवढं... कार्टून म्हणू नका! तेवढं एक सोडून काय वाटेल ते बोला. अहो, जन्म गेला त्यात. माझा, नेगोरो मास्तरांचा आणि त्या हियामाचा. मास्तर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले, पण शाळा अजून त्यांच्यातून निवृत्त व्हायची आहे. आणि हियामा रेकॉर्डच्या दुकानात कामाला, पस्तिशीचा, नवीन ते सगळं चांगलं म्हणणारा. दर गुरुवारी दुपारी 'मिमोझा' कॉफीहाउसमध्ये आमची बैठक. आणि बैठकीचा नियम एकच. न बघता नावं ठेवायची नाहीत! शिव्या घालायच्या ना? खुशाल घाला. पण शेवटपर्यंत बघून घाला. शेवटी काम करणाऱ्यांची नावं सरकतात ना, ती संपेपर्यंत उठायचं नाही. मास्तर ती नावं हजेरी घेतल्यासारखी मोठ्यानं वाचतात, शप्पथ!

तर त्या गुरुवारी पेटलं. मास्तर जाड टोस्टवर लोणी फासत म्हणाले, "सगळ्या गोष्टी एकच! मुलगा ट्रकखाली येतो, मरतो, दुसऱ्या जगात जन्मतो. ट्रकचालकांनी बदनामीचा दावा लावायला हवा!" झालं, हियामा उसळला. "मास्तर, तुमच्या काळी काय होतं हो? एकच चेहरा, केस बदलले की नवीन पात्र! आणि तो हिरो दर आठवड्याला तेच ते डोंगर ओलांडत पळायचा, तीच चित्रं पुन्हा पुन्हा लावून!" मास्तर म्हणाले, "पळायचा, पण मनापासून पळायचा!" हियामा म्हणाला, "आजचे रंग बघा, आजचा प्रकाश बघा, पाणी बघा!" मास्तर म्हणाले, "पाणीच बघायचं तर आंघोळीला जातो मी!"

मी गप्प होतो. मी! गप्प! कॉफीवाल्या बाईंनी येऊन विचारलं, बरं वाटत नाही का. कारण तुम्हाला सांगतो, माझं भांडण रंगाशीही नाही आणि पाण्याशीही नाही. माझी पोरगी चिनात्सु... ती तिथेच आहे हो. एका छोट्या स्टुडिओत चित्रं काढते. हात वर आहे आणि हात खाली आहे, या दोहोंच्या मधली चित्रं, ती काढणारी. सणाला घरी नाही, जेवायला घरी नाही, मनगटाला कायम पट्टी. हातात काय पडतं ते विचारूच नका, मी विचारलं तेव्हा तिनं विषय बदलून हवेवर नेला. आणि मालिका गाजली की फायदा कुणाचा? तर समितीचा! पैसे घालणाऱ्यांची समिती असते, त्यात खेळणीवाला असतो, गाणीवाला असतो, शीतपेयवाला असतो... चित्र काढणारा तेवढा नसतो! मग मी टेबलावर मूठ आपटली. म्हटलं, "एक सीझन कुणी बघितलंच नाही, तर वर बसलेल्यांचे डोळे उघडतील! आपल्यापासून सुरुवात. ठरवलं म्हणजे ठरवलं!" मास्तर म्हणाले, "ठरलं." हियामानं खाली बघत कप ढवळला. तो कॉफीत साखर घालत नाही. तेव्हाच मला कळायला हवं होतं!

पुढचे गुरुवार कसे गेले म्हणता? अहो, बघितलं नाही तर नावं ठेवता येत नाहीत, नियम! आणि नावं ठेवायची नाहीत तर तिघांनी बोलायचं काय? मास्तरांचा रक्तदाब. माझे गुडघे. हियामाच्या मांजराचं पोट. पण म्हटलं, त्याग म्हणतात तो हाच. ठरवलं म्हणजे ठरवलं!

आणि मग एका दुपारी चिनात्सु दुकानात आली. पाठीवर मळक्या कपड्यांची ही मोठी पिशवी. लाँड्रीवाल्याची पोर, कपडे बापाकडेच येणार. म्हटलं, पोरीला बातमी देऊ, बरं वाटेल. छाती पुढे काढून सांगितलं, "तुझ्यासाठी आम्ही बघणं सोडलंय. बहिष्कार! वरच्यांचे डोळे उघडणार!" तर ती म्हणाली, "बाबा, वरच्यांचे डोळे नाही उघडत. आम्ही खालचे तेवढे घरी बसतो." मग म्हणाली, "मला पहिल्यांदाच मुख्य चित्रं दिली होती. मधली नाही, मुख्य. अकराव्या भागात. त्या इस्त्रीवाल्याच्या मालिकेत. तू बघशील असं वाटलं होतं. ही मालिका संपली की मी काम सोडतेच आहे, बाबा. सांगून टाकलंय."

आता शहाण्या बापानं काय म्हणावं? लगेच बघतो म्हणावं! आणि मी काय म्हणालो? तुम्हाला सांगतो, हा माझा गाढवपणा... मी म्हणालो, "चिनात्सु, मी दोन माणसांना शब्द दिलाय. ठरवलं म्हणजे ठरवलं." ती "बरं" म्हणाली. भांडली असती तर बरं झालं असतं हो! नुसतं "बरं" म्हणाली, पिशवी ठेवली आणि गेली. मी तिचा शर्ट इस्त्रीला घेतला. बाहीवर पेन्सिलचा काळा डाग, धुऊनही न गेलेला. माझ्याच्यानं पुढे इस्त्री फिरवेना. पोर सोडून जाणार, आणि तिचं पहिलं काम तिच्या बापानं बघितलं नाही, आणि हे सगळं म्हणे तिच्याचसाठी!

तशीच इस्त्री बंद केली, दुकानाला 'लगेच येतो' पाटी लावली आणि मास्तरांना गाठायला निघालो. म्हटलं, दोघांच्या पाया पडू, एका भागापुरतं शब्दातून मोकळं करा म्हणू. वार मंगळवार. मिमोझाच्या काचेतून बघतो तर... कोपऱ्यात नेगोरो मास्तर आणि हियामा! डोक्याला डोकं लावून! पुढ्यात हियामाचा टॅब्लेट! आणि मास्तर मोठ्यानं वाचतायत, "पार्श्वभूमी, अमुक! रंग, तमुक!" हजेरी चालू! मी आत शिरलो. हियामानं टॅब्लेटवर टोस्टची बशी पालथी घातली, लोण्यासकट!

"मास्तर! तुम्ही! तुम्ही 'ठरलं' म्हणाला होतात!" तर मास्तर उठून उभे राहिले आणि वर्गात बोलावं तसे म्हणाले, "तोकुमारू, न बघता नावं ठेवायची नाहीत. उद्या बहिष्कार संपला की शिव्या घालायला कुणीतरी तयार नको का? आम्ही तयारी करत होतो!" किती भाग तयारी झाली म्हणून विचारलं. हियामा लोणी पुसत पुटपुटला, "दहा..." मी खुर्ची ओढली. म्हटलं, "अकरावा लाव."

राक्षसांचा राजवाडा. तलवारी. भाषणं. मास्तर नाक मुरडतायत, हियामा "रंग बघा" म्हणतोय. माझं लक्षच नाही, माझे डोळे फक्त हात शोधतायत. आणि आला... तो इस्त्रीवाला. राक्षसाचा हा एवढा सदरा, इस्त्री झाली, घडी झाली, आणि कॉलरवर त्यानं बोटांच्या मागच्या बाजूनं दोनदा थोपटलं. शाळेत जाणाऱ्या पोराला थोपटतात ना, तसं. चार सेकंद असतील, नसतील. बास.

मी म्हटलं, "हात चांगला काढलाय." मास्तर माझ्याकडे बघतायत. म्हणाले, "तोकुमारू, हे तुम्ही आहात." म्हटलं, काहीतरीच! तर म्हणाले, "मी शाळेत शिकवत होतो तेव्हापासून माझे शर्ट तुमच्याकडे येतात. प्रत्येक शर्टाला तुम्ही असंच करता." हियामाही म्हणाला, "करता, काका." मी माझ्या हाताकडे बघितलं. अहो, मला माहीतच नव्हतं! आयुष्यभर मी शर्टांना थोपटतोय, मला पत्ता नाही, आणि ही पोरगी काउंटरखाली बसून गृहपाठ करता करता बघत होती! शेवटी नावं सरकायला लागली. मास्तरांनी खडा आवाज लावला, "मुख्य चित्रं... तोकुमारू चिनात्सु!" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "हजर!"

तिथूनच फोन लावला. म्हटलं, "बघितलं." म्हटलं, "फक्त राक्षसाचा सदरा रेशमी आहे, त्यावर इतकी गरम इस्त्री चालत नाही." ती हसली हो! कितीतरी दिवसांनी हसली. म्हणाली, "पुढचा सीझन आला तर नीट काढीन. मग थांबते तोवर." थांबते म्हणाली! पण तुम्हाला सांगतो, बाराव्या भागात काय झालं? राजवाड्याला आग लागली, इस्त्रीवाला दारात उभा आणि... समाप्त! पुढचं हवं तर पुस्तक विकत घ्या म्हणे! पुढच्या सीझनचं नावच नाही!

बसतोय काय गप्प? काढायला लावीन त्यांना पुढचा सीझन! समितीला पोस्टकार्डं धाडायची. मी, मास्तर, हियामा, कॉफीवाल्या बाई, लाँड्रीत शर्ट टाकणारं प्रत्येक गिऱ्हाईक, कार्ड लिहिल्याशिवाय शर्ट मिळणार नाही! ठरवलं म्हणजे ठरवलं! फक्त एकच अडचण आहे... समितीकडच्या मुलीनं फोनवर सांगितलं, "कार्डावर मालिकेचं पूर्ण नाव हवं, नाहीतर धरणार नाही."

सकाळपासून लिहितोय. मालिकेच्या नावातच कार्ड भरतं हो, मागणी लिहायला जागाच उरत नाही!